दासनला जामीन कोण?

अक्का, काल तुमची शोकसभा झाली. रडू येईल असं वाटलं होतं, म्हणून कमरेला मोठा रुमाल खोचून नेला होता. तो कोरडाच परत आणला.

तुमच्याच शाळेचा हॉल होता. टेबलावर तुमचा फोटो, शिक्षकांच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. कडेला दुसऱ्याच कोणाचा तरी अर्धा खांदा राहून गेला आहे. फोटोत तुम्ही नेहमीसारख्या चिडलेल्या दिसता, ते एक बरं झालं. हार घालायला अरुणाचलम पुढे आले. आपल्या देवळाचे धर्मकर्ते, तिथली सगळी विश्वस्ताची सत्ता एकहाती चालवणारे, आणि तुमच्या युवक सेवा समितीचे अध्यक्ष. त्यांनी हार घातला, पण फोटोग्राफरचा बल्ब पेटला नाही. मग त्यांनी हार काढला, बल्ब बदलेपर्यंत हातात धरून ठेवला आणि पुन्हा घातला. डोळे दुसऱ्यांदा पुसले.

मग ते बोलले. म्हणाले, या माउलीने सैदापेटच्या पोरांना गुंडांच्या हातून सोडवलं, पण शेवटी वाट चुकलेल्या एका मुलाने तिच्या काळजाला असा धक्का दिला की ती उठलीच नाही. सगळ्यांनी मान हलवली. इन्स्पेक्टरांनी हलवली, गिंडीच्या कारखानदारांनी हलवली. त्या मुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही. नाव दासन. तुम्ही आजारी असताना त्याला पकडलं, आणि जामीन राहायला कोणी नाही म्हणून काल तो तुरुंगात बसला होता. हे त्या हॉलमधल्या प्रत्येक मान हलवणाऱ्याला ठाऊक होतं.

मद्रासच्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकाला तुमची माहिती हवी आहे: जन्म कुठला, तंजावरचं घराणं कोणतं, शिक्षण किती, नोकरी किती वर्षं. ते दुसरं कोणी लिहील. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि आपलं नणंद-भावजयीचं भांडण अर्धवट राहिलं आहे.

ते भांडण चांदीच्या ताटावरून सुरू झालं. आठवतं ना?

दासन तेव्हा पाचवीत होता, वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा थोराड, लांब हाडांचा. आई-बाप नाहीत, मासळी विकणाऱ्या मावशीकडे राहणारा. एक दिवस तुम्ही जेवताना म्हणालात, "ते पोरगं वाकत नाही ग अंबू." खडू खाली पडला तर उचलायला वाकेना. तुम्ही त्याला सामानाच्या खोलीत नेलंत, सदरा वर करायला लावलात, तर पोटाभोवती सायकलची ट्यूब गुंडाळलेली आणि ट्यूबमध्ये चाराय, गावठी दारू. दारूबंदी आल्यापासून नदीकाठच्या बोरूत भट्ट्या लागत, आणि माल शहरात पोचवायला पोरं लागत, कारण पोलीस पोरांचे सदरे वर करत नसत. तो सगळा धंदा कन्नैयाचा. वर लाकडाची वखार, खाली हे. पोराला तो आधी सिनेमाचं तिकीट देई, मग नवा सदरा, मग काठी फिरवायला शिकवी, आणि मग ट्यूब बांधी. दोन-तीन वर्षांत पोरगं ट्यूब सोडून चाकू बाळगायला लागे.

तुम्ही ती दारू शाळेच्या मोरीत ओतलीत. इथपर्यंत मी तुमच्या बाजूने होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात येऊन चांदीचं ताट मागितलंत. म्हणालात, कन्नैयाकडे जायचं आहे.

मी म्हटलं, "अक्का, चोराला तांबूल देतात का?"

"चोराला नाही ग. त्याच्या शब्दाला."

आपल्या तंजावरच्या घरांची ही खोड. लग्न ठरो, जमीन ठरो, ताटातला विडा उचलला की शब्द दिला. कागद नंतर. तमिळ माणसंही हे मानतात, पण आपण त्यावर जरा जास्तच विसंबतो. राजवाडा गेला, जमिनी गेल्या, मानपान तेवढं उरलं. तेच आपण मद्रासला घेऊन आलो. तुमचं म्हणणं असं की माणसाला मान दिला की तो बांधला जातो. माझं म्हणणं असं की तो फुगतो. तुम्ही म्हणालात, "फुगला तर फुगू दे. फुगलेला बुडत नाही, धरून तरंगता येतं." आणि ताट घेऊन गेलात. विधवा बाई, नऊवारी, पायांत चपला नाहीत, हातात पानसुपारी आणि केळी, लाकडाच्या वखारीत. मी तुमच्या मागे गेले, कारण कोणीतरी जायला हवं होतं.

कन्नैयाने तुम्हाला बघून गुडघ्यावर दुमडलेली लुंगी मानाने खाली सोडली आणि हात पुसले. तुम्ही त्याला सरळ सांगितलंत की काल तुझा माल मी ओतला, आणि आता तुझ्याकडे मागणं आहे: माझ्या शाळेतल्या पोरांना हात लावू नकोस.  त्याने विडा उचलला. म्हणाला, "टीचरम्मा, तुम्ही ज्याच्या डोक्यावर हात ठेवाल त्याला मी हाक मारणार नाही." आणि नाही मारली. हे मला मान्य करावं लागतं, आणि मान्य करताना तोंड कडू होतं.

मग तेच ताट घेऊन तुम्ही सगळीकडे फिरलात. अरुणाचलमकडे गेलात, त्यांनी देवळाचा मंडप दिला आणि अध्यक्षपद घेतलं. इन्स्पेक्टरकडे गेलात, त्यांनी शब्द दिला की समितीचं पोरगं सापडलं तर केस लिहिण्याआधी टीचरम्मांना निरोप जाईल. गिंडीला नवी औद्योगिक वसाहत झाली होती, तिथल्या शेडवाल्यांकडे गेलात. प्रत्येकाने एकेक पोरगं शिकाऊ म्हणून घेण्याचं कबूल केलं. तुमच्या भावासमोर मात्र ताट धरलं नाहीत. घरच्याला कसला मान, म्हणालात, आणि दासन पुरेसा मोठा झाल्यावर त्याला सरळ आमच्या शेडमध्ये आणून लेथसमोर उभं केलंत. पहिल्याच आठवड्यात त्याने स्टोव्हच्या पितळी नळ्यांचा एक घाणा वाया घालवला. तुमचा भाऊ कपाळावर हात मारून बसला. तुम्ही विचारलंत, सेतू, तू पहिल्या वर्षी किती वाया घालवलंस? तो वाया गेलेल्या नळ्या उचलायला लागला. त्याची बायको म्हणून मला उत्तर माहीत होतं. मी आत जाऊन हसले.

त्या शेडच्या ऑफिसात मीही तुमच्यामुळेच बसले. सासूबाई होत्या तेव्हा. कारखान्यात सून बसली तर लोक काय म्हणतील, हे त्यांचं पालुपद. तुम्ही त्यांना सांगितलंत की अंबूचं सांबार कसं होतं ते आपण रोज खातोच, तिला माणसं हाकायला पाठवलेली बरी. माझा अपमान झाला आणि सुटकाही. याबद्दल तुम्हाला धन्यवाद द्यायचे राहिले. तुमच्या समोर कधी जमलं नसतं, तुम्ही लगेच म्हणाला असतात, "पण सांबार अजून तसंच आहे."

समितीच्या सभा आपल्याच घरी. माझी कॉफी पावडर, मी स्वतः भाजून आणलेली, त्या सभांत संपली. सगळे पितळी पेल्यातून दोनदा कॉफी घेत, एकमेकांना आधी बोलायचा आग्रह करत, आणि ठरवत काहीच नसत. काम तुम्ही करत होतात. संध्याकाळी वर्ग, पोरांच्या आयांकडे फेऱ्या, शेडवाल्यांची मनधरणी. मी म्हणायचे, या मंडळींना कशाला गोळा केलंत, आपण दोघी बऱ्या. तुम्ही म्हणायचात, एका बाईच्या जिवावर पोरगं सुटत नाही, गाव लागतं. शाळा, देऊळ, पोलीस, कारखाना, सगळ्यांनी एकाच पोराकडे बघायला हवं, म्हणजे त्याला पळायला भोक उरत नाही. बोलणं बरोबर होतं. माणसं चुकीची होती. का माणसं ठीक होती आणि बोलणं चुकीचं? हेच मला अजून ठरवता येत नाही.

रथोत्सवाचा दिवस मात्र तुमचा होता. त्या दिवशी मी तुमच्याशी भांडले नाही. पोरांना काठी हवी असते, चार लोकांनी वाट सोडावी असं वाटतं, कन्नैया त्यांना तेच देतो, तर आपण देवाच्या दारात देऊ, असं तुम्ही म्हणालात. आपल्या मागल्या अंगणात हळदीच्या पाण्यात फडकी बुडवून पिवळे पट्टे केले. ते दंडाला बांधून, हातात बांबू घेऊन पोरांनी गर्दी अडवली. ज्या पोरांना देवळाच्या पायरीवरून हाकलत, त्यांच्या बांबूसमोर बड्या बायका थांबल्या. आणि दासनला तुम्ही चाकाशी उभं केलंत. रथाच्या चाकाखाली ठोकळा सारून त्याला वळवायचं काम, एक क्षण चुकलं तर हात जातो. ते पिढीजात माणसांचं काम तुम्ही अरुणाचलमशी महिनाभर हुज्जत घालून त्याला मिळवून दिलंत. रथ कोपऱ्यावर वळला तेव्हा त्याची मासळीवाली मावशी टोपली खाली ठेवून रस्त्यात उभी राहिली. त्या दिवशी तुम्ही जिंकला होतात. अरुणाचलमनीही ते पाहिलं, आणि त्यांनी वेगळंच काही पाहिलं.

देवळाच्या तळ्यामागे जुनी कुळं आहेत. छत्र्या दुरुस्त करणारा पेरुमाळ, विड्या वळणाऱ्या बायका, दोन-चार टपऱ्या. ती जागा अरुणाचलमना सिनेमा थिएटरवाल्याला द्यायची होती. कुळं हलेनात. कोर्टात जायचं तर वर्षं जातात. यंदाच्या पोंगलनंतर त्यांनी पोरांना मंडपात बोलावलं, पट्टे बांधायला सांगितले, म्हणाले, ही देवाची जागा आहे, ती रिकामी करणं ही सेवा आहे. अध्यक्ष म्हणाले म्हणजे समिती म्हणाली. पोरांनी बांबू घेतले. सगळ्यांत पुढे दासन, कारण चाकाशी उभा राहिलेला तो. पेरुमाळ म्हातारा छत्र्या कवटाळून दारात बसला. त्याचं मनगट मोडलं.

अक्का, किती सोपं होतं ते. कन्नैयाला एक पोरगं तयार करायला तिकिटं लागतात, सदरे लागतात, वर्षं लागतात. आपण यांना तयार पोरं दिली. शिस्तीची, वेळेवर येणारी, दंडाला देवाचा पट्टा. मी त्या माणसांना माझ्या घरची कॉफी पाजली, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

तुम्ही आधी दासनला गाठलंत. तो आमच्या शेडमागे बसला होता. म्हणाला, अध्यक्षांनी देवाचं काम सांगितलं, मी विचारलं नाही. तुम्ही म्हणालात, "विचारायला मी शिकवलं नाही का?" आणि उत्तर तुमचं तुम्हालाच सापडलं. आपण त्यांना पाढे शिकवले, लेथ शिकवला, रांगेत उभं राहायला शिकवलं. मोठ्या माणसाला प्रश्न विचारायला ना तुम्ही शिकवलं, ना मी. आपल्यालाच कोणी शिकवलं नव्हतं. त्याला घेऊन तुम्ही पेरुमाळकडे गेलात. म्हाताऱ्याने दार उघडलं नाही. आतून म्हणाला, तुमच्या पोराला सांगा, पावसाळ्यापर्यंत हात जुळला नाही तर त्याने येऊन छत्र्या शिवाव्यात. मला ते ऐकून हसू आलं होतं. दासनने ते आज्ञा म्हणून घेतलं, आणि शेड सुटली की तो रोज पेरुमाळच्या ओट्यावर जाऊन बसायला लागला. म्हाताऱ्याने त्याला चार दिवस हाकललं. पाचव्या दिवशी दाभण दिलं.

मग तुम्ही अरुणाचलमकडे गेलात, मी बरोबर होते. त्यांनी आपल्याला बसायला खुर्च्या दिल्या, पंखा लावायला सांगितलं आणि गोड आवाजात म्हणाले, "टीचरम्मा, तुम्हीच सांगत होतात ना, मुलांना काम द्या म्हणून?"

तुम्ही खुर्चीवरून उठलात. मी इतकी वर्षं तुम्हाला गप्प करायचा प्रयत्न केला, त्या माणसाने एका वाक्यात केलं.

त्याच आठवड्यात दुपारी कन्नैयाचा गुमास्ता दाराशी आला. काखेत छत्री, कपाळाला विभूती, बोलणं लोण्यासारखं. त्याच्या हातात ताट, त्यात पानसुपारी आणि केळी. म्हणाला, अय्यांनी विडा परत पाठवला आहे. टीचरम्मांची पोरं आता आमच्याच धंद्यात आली, तेव्हा अय्यांचा शब्द सुटला. आणि जाताना पायरीवर थांबून म्हणाला, "आम्ही निदान पोरांना जेवायला घालतो, अम्मा."

तुम्ही ताट घेऊन उंबऱ्यावरच बसलात. मी पानं गाईला घातली. अक्का, मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय आलं. तुम्हाला वाटलं, बघ, चोराने शब्द पाळला आणि देवळाच्या मालकाने मोडला. मला तसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. गळ टाकून बसलेला माणूस शांत असतो म्हणून त्याला सज्जन म्हणायचं का? कन्नैयाला घाई नव्हती एवढंच. आपली प्रतिष्ठित मंडळी पोरं त्याच्याकडे परत हाकून देतील, हे त्याने तुमच्याआधी ओळखलं होतं.

तुम्ही इन्स्पेक्टरना जाऊन सांगितलंत की पेरुमाळच्या केसमध्ये अरुणाचलमचं नाव घाला, मी कोर्टात सांगेन. ते म्हणाले, वेळ आली की बोलावतो. मग तुमच्या छातीने दगा दिला. ती आधीपासूनच वाईट होती. डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं होतं आणि तुम्ही सगळ्या मद्रासचे जिने चढत होतात. तुम्ही हॉस्पिटलात गेलात, आणि इन्स्पेक्टरांची वेळ आली. पोरांच्या घोळक्यातून त्यांनी एकट्या दासनला उचललं. निरोप पाठवला नाही. पाठवला असता तर तुम्ही खाटेवरून उठून गेला असतात, म्हणूनच नसेल पाठवला.

तुम्ही मला विचारलंत, "दासन कसा आहे?" मी म्हटलं, "लेथवर आहे." पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा तेच सांगितलं असतं. त्या अवस्थेत तुम्हाला खरं सांगून काय मिळणार होतं? तरी एक गोष्ट टोचते. तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंत. तुम्हाला ते खरं वाटलं, का खोटं ओळखूनही तुम्ही मला सोडून दिलंत, ते आता मला कोण सांगणार?

तुम्ही गेल्यावर मी समितीच्या सगळ्यांना विचारलं. जामीन राहायला स्वतःचं घर असलेला माणूस लागतो. शेडवाले म्हणाले, केस आटपू दे, मग पोराला परत घेऊ. अरुणाचलमच्या घरून निरोप आला की साहेब पूजेत आहेत. रोज पूजेत. तुमचा भाऊही विषय निघाला की शेडवर निघून जाई. मी जामीन शोधत दारोदार फिरत होते, मावशीला तुरुंगाच्या दारातून परत पाठवत; त्या दिवसांत दासनकडे एकच माणूस जात होता. तो गुमास्ता. इडली घेऊन. तेव्हा मला टोळी म्हणजे काय ते कळलं. चाकू नाही, दारू नाही. पोराला उचललं की ठाण्यावर जो आधी पोचतो, ती टोळी. आपण इतकी वर्षं पोरांना टोळीपासून लांब ठेवायच्या सभा घेतल्या आणि ठाण्यावर कोण जाईल हे कधी ठरवलं नाही. आपण नावं घेऊन बसलो, अध्यक्ष, उपाध्यक्ष. कोणी विचारलं नाही की पायांत चपला कोण घालणार.

तर काल, हार दोनदा घालून झाल्यावर, मला घरच्या माणसाने दोन शब्द बोलावेत म्हणून उभं केलं. मी दोनच बोलले. म्हटलं, उद्या सकाळी सैदापेटच्या कोर्टात दासनच्या जामिनाचं आहे. ज्यांना अक्कांबद्दल आदर आहे आणि ज्यांचं स्वतःचं घर आहे, त्यांनी यावं. लाउडस्पीकर तेवढा शीळ घालत राहिला. इन्स्पेक्टर मांडीवरच्या टोपीकडे बघत होते. मागून कोणीतरी घाईघाईने प्रार्थना सुरू केली.

अरुणाचलम मला जिन्यात भेटले. म्हणाले, "अम्मा, दुःखात माणूस काहीही बोलून जातो."

मी म्हटलं, "हे दुःख नाही. मला तुमची किळस आली आहे."

घरी तुमचा भाऊ बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, हा पोरगा अरुणाचलमचं नाव घेईल. मी म्हटलं, घेईल. मग आपली शेड चालू देतील का, म्हणाला. मी म्हटलं, नाही दिली तर नाही दिली. तो उठून ट्रंकेतला काळा कोट काढून झटकायला लागला. तुम्हाला ठाऊक आहे, तुमचा भाऊ घाबरला की कोट घालतो. सैदापेटच्या उन्हात, अक्का, तो आज कोट घालून कोर्टात आला. मला त्याच्याबद्दल इतक्या वर्षांत एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

गुमास्ता आमच्या आधीच पोचला होता. घरपट्टीची पावती, वकील, सगळं तयार. आम्हाला बघून त्याने नमस्कार केला आणि बाकावर जागा करून दिली. दासनला आणलं. तो खंगला आहे. आमच्याकडे बघेना. भिंतीकडे बघतच म्हणाला, "टीचरम्मा आल्या नाहीत."

त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. गुमास्त्याने रोज इडलीबरोबर एवढंच सांगितलं होतं की टीचरम्मांनी तुझं नाव टाकलं.

मी सांगितलं. गेल्या, म्हटलं, हॉस्पिटलात, गेल्या गुरुवारी.

तो आता माझ्याकडे वळला. "माझ्यामुळे?"

"नाही. छातीमुळे. डॉक्टरांनी मला सांगितलं आहे. दुसरं कोणी काही सांगेल तर तो खोटारडा आहे, मग तो कितीही मोठा असो."

गुमास्ता धाकट्या भावाला बोलवावं तसा हळूच म्हणाला, चल तंबी, यांच्या घरी दुःख आहे, यांना कशाला त्रास. दासन त्याच्याकडे न बघता मला म्हणाला, "कोणी पाठवलं ते मी सांगणार आहे. कन्नैया अय्या म्हणतात, नाव घ्यायचं नाही, मग सोडवतो. तुम्ही काय म्हणता?"

म्हणजे बघा, अक्का. कन्नैयाचं आणि अरुणाचलमचं एवढ्यात जमलंही होतं. तुम्ही ज्या दोघांना एकाच ताटातून विडा दिलात, ते तुमच्या पाठीमागे एकत्र बसले, एका पोराचं तोंड बंद करायला. तेवढ्यापुरती आपल्या भांडणात माझी बाजू खरी ठरली. मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

मी दासनला म्हटलं, "सांग. म्हणून तर आलो."

आत कारकुनाने विचारलं, जामीन कोण. दासनने तुमच्या भावाकडे बोट दाखवलं. तुमच्या भावाने सही केली. सही नीट वाचता येते. मी वाकून पाहिली.

जामीन म्हणजे काय ते मी कारकुनाकडून नीट समजून घेतलं. सही करून सुटका होत नाही. प्रत्येक तारखेला पोराला हजर करायचं, मधल्या काळात तो कुठे आहे ते आपल्याला ठाऊक हवं. हे तुमच्या समितीच्या सगळ्या ठरावांपेक्षा मला बरं वाटलं. यात मान नाही, फक्त हजेरी आहे.

आता दुपार कलली आहे. दासन जेवला आणि माजघरात भिंतीकडे तोंड करून झोपला आहे. तुरुंगात झोपला नसावा. तुमचा भाऊ कोट न काढता शेडवर गेला. शेजारच्या शेडवाल्यांनी त्याला चार वाजता बोलावून घेतलं आहे, कशाला ते सांगायला नको. पुढची तारीख पंगुनी महिन्यात, आपल्या फाल्गुन-चैत्राच्या सुमारास आहे. समोरच्या विड्यापानाच्या दुकानात गुमास्ता बाकावर बसला आहे. छत्री मिटून मांडीवर ठेवली आहे, सोडा पितो आहे, आणि अधूनमधून आपल्या दाराकडे बघतो आहे. तुम्ही असतात तर त्याला आत बोलावलं असतंत. मी बोलावणार नाही. मी खुर्ची दारात आणून बसले आहे आणि हे मांडीवर घेऊन लिहिते आहे. त्याला घाई नाही. मलाही नाही.